स्टॅटिक आयपी टाकण्याआधी राउटरची वही बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या एका विंडोज कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी एक शेअर केलेलं फोल्डर आहे. राउटर बंद करून चालू केला की या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस बदलतो आणि बाकीच्यांच्या लॅपटॉपवरचे शॉर्टकट निकामी होतात. म्हणून प्रश्नकर्त्याने एक व्हिडिओ बघून १९२.१६८.१.५ हा पत्ता कायमचा टाकला. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवसापासून सकाळी कॉम्प्युटर लावला की कधी नेट असतं, कधी नसतं. रिस्टार्ट केल्यावर कधी सुरू होतं, कधी नाही. आता त्यांना विचारायचंय की मास्क (शेजारचं कोण आणि बाहेरचं कोण हे ठरवणारा आकडा), गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) यांच्यात नेमकं काय भरायचं. पुढे एका जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकून तिथेही हेच करायचं आहे.

कुठल्या रकान्यात काय भरायचं ते सांगतोच, पण तुमचे रकाने बहुधा बरोबरच भरलेले आहेत. मास्क किंवा गेटवे चुकला असता तर पहिल्या मिनिटापासून काहीतरी बंद पडलं असतं, चार दिवस सुखात गेले नसते. मला दिसतंय ते असं, की १९२.१६८.१.५ हा पत्ता तुमचा झालाय हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरला माहीत आहे, पण राउटरला ते कुणीच सांगितलेलं नाही.

राउटरमध्ये डीएचसीपी नावाचं एक काम सतत चालू असतं. नवीन उपकरण आलं की ते ओरडतं, ‘मला पत्ता हवा आहे’. राउटर आपल्याकडच्या यादीतून एक मोकळा पत्ता काढून ठरावीक मुदतीसाठी देतो आणि कुणाला काय दिलं ते लिहून ठेवतो. त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत संपली की उपकरण स्वतःच नूतनीकरण मागतं, ते नाही जमलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर पुन्हा प्रयत्न करतं. ही पद्धत १९९३ सालची, आज वापरात असलेलं तिचं रूप १९९७ सालचं, आणि ती सगळी उभी आहे ती राउटरच्या त्या वहीवर. तुम्ही कॉम्प्युटरवर हाताने पत्ता टाकता तेव्हा या वहीत काहीही लिहिलं जात नाही. वहीच्या दृष्टीने पाच नंबर मोकळाच आहे.

आता पाचव्या दिवशी काय झालं असेल ते बघा. रात्री तुमचा कॉम्प्युटर बंद. कुणाचा तरी फोन वायफायवर आला, राउटरने यादी बघितली, पाच नंबर मोकळा दिसला, देऊन टाकला. काही राउटर पत्ता देण्याआधी त्यावर पिंग मारून कुणी आहे का बघतात, काही फोनही पत्ता घेताना चौकशी करतात. पण ज्याने उत्तर द्यायचं तो कॉम्प्युटर बंद होता, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी जागा रिकामी. सकाळी तुम्ही कॉम्प्युटर लावलात. विंडोजही पत्ता वापरायला घेण्याआधी नेटवर्कवर विचारतं, ‘पाच नंबर कुणाकडे आहे का?’ फोन म्हणतो, ‘माझ्याकडे.’ विंडोज माघार घेतं आणि १६९.२५४ने सुरू होणारा एक आपत्कालीन पत्ता स्वतःला लावून घेतं, ज्यावरून नेट चालत नाही. फोनचा मालक घराबाहेर गेल्यावर तुम्ही रिस्टार्ट केलंत तर सगळं सुरळीत. तो घरात असताना केलंत तर पुन्हा तेच.

ही चौकशी कशी करायची याचे नियम आरएफसी ५२२७ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात २००८ साली नीट लिहिले गेले, पण सगळी उपकरणं ते पाळत नाहीत. दोघांनीही माघार घेतली नाही तर आणखी वाईट. राउटर ‘शेवटी कोण बोललं’ त्याला पाच नंबर समजतो आणि दोघांचंही नेट अर्धंअर्धं चालतं. असा बिघाड मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी माणसांनी आधी नेट देणाऱ्या कंपनीला फोन केलेला असतो.

माझा अंदाज खरा आहे का ते पाच मिनिटांत कळेल. पुढच्या वेळी नेट नसेल तेव्हा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’ अशी आज्ञा द्या. (आज्ञा मी उच्चारतो तशा लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि अंकच वापरा.) तुमच्या १९२.१६८.१.५ समोर कंसात ‘डुप्लिकेट’ आणि त्याच्याच आसपास १६९.२५४चा पत्ता दिसला तर प्रश्न मिटला. आणखी खात्री हवी असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा आणि ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा. तिथे विंडोजने स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक पत्त्यावर टक्कर झाली आणि समोरच्याचा हार्डवेअर ॲड्रेस, म्हणजे मॅक, अमुक आहे. तो मॅक राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत शोधला की चोर सापडतो. चोर म्हणायचं तरी कसं, त्याला पत्ता रीतसर मिळालाय. घुसखोर तुमचाच कॉम्प्युटर आहे.

तर मूळ गरजेकडे येऊ. तुम्हाला स्टॅटिक आयपी नकोच आहे. तुम्हाला हवंय ते इतकंच, की घरातल्या इतरांना हा कॉम्प्युटर दररोज त्याच जागी सापडावा. त्याला तीन वाटा आहेत: नावाने शोधणं, राउटरमध्ये पत्ता राखून ठेवणं, आणि कॉम्प्युटरवर हाताने पत्ता टाकणं. मी त्याच क्रमाने प्रयत्न करतो. कुठली वाट लागू पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं: राउटरच्या सेटिंगमध्ये तुम्हाला शिरता येतं का, आणि त्या फोल्डरपर्यंत कोणकोणती उपकरणं पोचायला हवीत.

नावाची वाट सगळ्यात स्वस्त. बाकीच्या लॅपटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये आयपीच्या जागी कॉम्प्युटरचं नाव टाकून बघा, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, नाव, एक उलटी रेघ आणि फोल्डर. सगळे विंडोज किंवा ॲपलचे मॅक असतील तर बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. ॲपलच्या मॅकवरून जोडताना नावापुढे ‘डॉट लोकल’ लावावं लागतं. पत्ता उद्या बदलला तरी नाव तेच राहतं. मात्र टीव्ही, जुने मीडिया प्लेअर आणि स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारे प्रिंटर यांचं नावाशी फारसं जमत नाही. त्यांना आकडेच लागतात.

आकडे लागत असतील तर दुसरी वाट, म्हणजे रिझर्व्हेशन. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाने हे सापडतं. तिथे तुम्ही सांगता की या मॅक ॲड्रेसचं उपकरण आलं की त्याला कायम हाच पत्ता द्यायचा. कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे ऑटोमॅटिकवरच राहतो, मागतो आणि दरवेळी तोच पत्ता मिळतो. वहीत नोंद झाली, त्यामुळे तो पत्ता दुसऱ्याला जायचा प्रश्न नाही. मास्क, गेटवे, डीएनएस हे सगळं राउटरच पुरवतो, त्यामुळे ते चुकायलाही जागा नाही.

इथे घोटाळा होतो तो मॅकच्या बाबतीत. एकाच लॅपटॉपला केबलसाठी एक मॅक असतो आणि वायफायसाठी वेगळा. लोक वायफायचा मॅक नोंदवतात, मग केबल लावतात आणि ‘रिझर्व्हेशन चालत नाही’ म्हणतात. दुसरी भानगड नवी आहे: अँड्रॉइड १०पासून आणि आयओएस १४पासून फोन वायफायसाठी खरा मॅक न वापरता बनावट मॅक दाखवतात आणि विंडोजमध्येही ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर आज नोंदवलेला मॅक उद्या तोच असेल याची हमी नाही. ज्या उपकरणाला पत्ता राखून ठेवायचाय त्यावर, निदान घरच्या नेटवर्कपुरती, ही सोय बंद करा. बनावट मॅक ओळखायची एक खूण आहे. बारा अक्षरांमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा कारखान्यातून आलेला नाही, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे. ४१९९च्या नोंदीत सापडलेल्या मॅकलाही ही खूण लावून बघा. असेल तर तो कुणाचा तरी फोन समजा.

राखीव पत्ता पूलच्या आत असावा की बाहेर हे राउटरागणिक बदलतं. पूल म्हणजे राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो तो. काही राउटर आतलाच घ्यायला लावतात, काहींना बाहेरचाही चालतो. तुमचा जे मान्य करेल ते करा, दोन्ही बरोबर आहे.

रिझर्व्हेशनकडे माझा कल का, याचं कारण एका छोट्या कार्यालयात शिकलो. तिथे आमच्या आधीच्या कुणीतरी चौदा यंत्रांवर हाताने पत्ते टाकले होते आणि कुठे लिहून ठेवले नव्हते. एक दिवस राउटर जळाला. नवा राउटर १९२.१६८.०च्या पट्ट्यात सुरू झाला, जुना १९२.१६८.१मध्ये होता. ऑटोमॅटिकवरचे सगळे लॅपटॉप मिनिटभरात जागेवर आले. ती चौदा यंत्रं मात्र नसलेल्या गेटवेला हाका मारत बसली. त्यातल्या दोन प्रिंटरांच्या पडद्यावरून पत्ता बदलायला पासवर्ड लागायचा आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटी मी नव्या राउटरलाच जुन्या राउटरचा पत्ता दिला आणि वेळ मारून नेली. हा उपाय लक्षात ठेवा, कधीतरी कामी येतो.

तरीही हाताने पत्ता टाकणं चूक नव्हे. जे यंत्र डीएचसीपी बंद असतानाही चालायलाच हवं, त्याला पत्ता हातानेच टाकावा: खुद्द राउटर, डीएचसीपी किंवा डीएनएस चालवणारा सर्व्हर, मधे राउटर न ठेवता थेट केबलने जोडलेले दोन कॉम्प्युटर. राउटरमध्ये रिझर्व्हेशनची सोयच नसेल तरी तेच करावं लागतं. फक्त एक पथ्य: नेटवर्क दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, म्हणजे कार्यालयात किंवा वसतिगृहात, तर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. तुमची चार दिवसांची सोय दुसऱ्या कुणाची डोकेदुखी होते.

आता हातानेच टाकायचं ठरलं असं धरू. पहिलं काम पत्ता निवडणं. राउटरच्या पानावर पूल कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. पूल १०० ते १९९ असेल तर २० निवडा. तो २ ते २५४ असा सगळीकडे पसरलेला असेल, आणि घरच्या राउटरमध्ये तो तसा असायची शक्यता बरीच आहे, तर आधी त्याला १०० ते २००वर आणा आणि खालचे आकडे स्वतःसाठी मोकळे करा. व्हिडिओवाले बहुधा हीच पायरी वगळतात. तुमचा ५ हा आकडा अशाच पूलच्या आत पडलाय असं मला वाटतं.

‘मी पिंग करून बघितलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो पत्ता घेतला’ हेही पुरेसं नाही. ज्याचा पत्ता असेल ते उपकरण बंद असू शकतं, किंवा त्याची फायरवॉल पिंग गिळत असते. दुसऱ्या अडचणीवर उपाय आहे: पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी’, जागा, उणे चिन्ह आणि ‘ए’ अशी आज्ञा द्या. पिंगला उत्तर न देणारं उपकरणसुद्धा एआरपीला, म्हणजे ‘हा पत्ता कुणाकडे आहे?’ या नेटवर्कवरच्या प्रश्नाला, उत्तर देतं, कारण ते दिलं नाही तर त्याचं स्वतःचंच काम चालत नाही. यादीत त्या पत्त्यासमोर मॅक दिसला तर तिथे कुणीतरी राहतंय.

विंडोजमध्ये रन उघडून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करा, नेटवर्क कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. सेटिंग्जमधूनही जाता येतं, पण विंडोज १०च्या त्या पानावर ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ असा रकाना आहे. लोक तिथे २५५.२५५.२५५.० लिहितात आणि सेव्ह होत नाही म्हणून वैतागतात. त्याला फक्त २४ हवं असतं. जुना डायलॉग मला अजूनही जवळचा वाटतो, सगळं एका नजरेत दिसतं. काही बदलण्याआधी ऑटोमॅटिकवर असताना आलेल्या ‘आयपीकॉन्फिग ऑल’चा फोटो काढून ठेवा. मास्क, गेटवे, डीएनएस या तिन्हींची उत्तरं त्यातच असतात, तिथूनच उतरवायची.

मास्कवर जरा थांबतो, कारण लोक तो शोभेचा समजतात. पुढचं उपकरण शेजारचं की बाहेरचं हे कॉम्प्युटर मास्कवरून ठरवतो. शेजारचं असेल तर थेट हाक मारतो, बाहेरचं असेल तर गेटवेच्या हवाली करतो. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर शेजारी. घरच्या १९२.१६८च्या नेटवर्कात विंडोज तो रकाना स्वतःच भरतं आणि तो बहुधा बरोबर निघतो. पण पत्ता १०ने सुरू होत असेल तर तेच विंडोज २५५.०.०.० भरतं. ही जुन्या वर्गपद्धतीची आठवण आहे. ती पद्धत १९९३ सालीच मागे पडली, पण हा डायलॉग अजून तिच्याच हिशेबाने चालतो.

यात मी एकदा सपशेल फसलो आहे. दोन मजल्यांचं कार्यालय, खालचा मजला १०.२०.१मध्ये, वरचा १०.२०.२मध्ये. खालच्या एका यंत्राला मी पत्ता टाकला, टॅब दाबला, मास्क आपोआप आला, बघितलाही नाही. नेट चालू, प्रिंटर चालू, खालचे सगळे दिसतात, फक्त वरच्या मजल्यावरचा सर्व्हर दिसत नाही. दोन तास मी सर्व्हरची फायरवॉल आणि मधलं स्विच तपासत होतो. खरं कारण असं की त्या यंत्राला १०ने सुरू होणारा जगातला प्रत्येक पत्ता शेजारीच वाटत होता. त्यामुळे वरच्या मजल्यासाठी ते गेटवेकडे न जाता खालच्याच मजल्यावर हाका मारत होतं आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं. इंटरनेट चालायचं कारण बाहेरचे पत्ते १०ने सुरू होत नव्हते. तेव्हापासून टॅब दाबल्यावर मास्ककडे बघायची सवय लागली. ‘सगळं चालतं, फक्त अमुक एक दिसत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी मास्क विचारतो.

गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, बहुधा शेवटी १ किंवा २५४. अंदाजाने लिहू नका, फोटोतून उतरवा. केबल आणि वायफाय दोन्हींना पत्ते हाताने दिले असतील तर गेटवे एकालाच द्या. दोन गेटवे दिले की विंडोज कुठला पकडेल ते मेट्रिक नावाच्या आकड्यावर ठरतं आणि तुमचा गोंधळ वाढतो. गेटवे मुद्दाम रिकामा ठेवलात तर आणखी एक परिणाम दिसतो: विंडोजला ते नेटवर्क ओळखता येत नाही, ते ‘अनआयडेंटिफाइड’ आणि पब्लिक धरलं जातं आणि शेअर केलेलं फोल्डर इतरांना दिसेनासं होतं. पत्त्याशी खेळून झाल्यावर नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट आहे ना, हे एकदा बघूनच घ्या. तुमच्यासारख्या फोल्डरवाल्यांना तर ते फारच लागतं.

डीएनएस हा सर्वात जास्त विसरला जाणारा रकाना. पत्ता हाताने टाकला की डीएनएसही हातानेच द्यावा लागतो, नाहीतर ८.८.८.८ला पिंग जातं पण एकही वेबसाइट उघडत नाही. घरी राउटरचाच पत्ता द्या, किंवा ८.८.८.८ अथवा १.१.१.१ यांच्यासारखा सार्वजनिक. घरात चिंता नाही. कार्यालयात मात्र अंतर्गत नावं सांगणारा स्वतःचा डीएनएस असतो आणि तिथे ‘असू दे एक जादा’ म्हणून दुसऱ्या रकान्यात सार्वजनिक डीएनएस टाकणं हा हमखास त्रास आहे. दुसरा डीएनएस पहिला मुका झाला तरच विचारला जातो. पहिल्याला नाव सापडलं नाही म्हणून दुसऱ्याला विचारलं जात नाही. पहिला क्षणभर रेंगाळला की कॉम्प्युटर सार्वजनिकाकडे जातो, तो अंतर्गत नावाला ‘असं काही नाही’ म्हणतो आणि तेच उत्तर काही वेळ खरं मानलं जातं.

भरून झाल्यावर तपासणी आतून बाहेर करा. आधी गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला, आणि शेवटी दुसऱ्या लॅपटॉपवरून फोल्डर उघडून. पहिली पायरी अडली तर पत्ता किंवा मास्क, दुसरी अडली तर गेटवे, तिसरी अडली तर डीएनएस, चौथी अडली तर फायरवॉल किंवा प्रोफाइल. स्वतःच्याच पत्त्याला पिंग करून काही कळत नाही, तो निरोप कार्डाबाहेर पडतच नाही.

उबंटूचं थोडक्यात. डेस्कटॉप आवृत्ती असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क, दातेरी चाकाचं चिन्ह, आयपीव्ही४, मॅन्युअल. रकाने तेच, नियम तेच. सर्व्हर आवृत्तीत १७.१०पासून नेटप्लॅन हे नेटवर्कची मांडणी करणारं साधन आहे आणि त्याची यॅमल नावाच्या स्वरूपातली साधी मजकुराची फाइल हाताने लिहावी लागते. तिच्यात टॅब चालत नाही, समास जागा सोडूनच पाडायचा. पत्त्याला चिकटून तिरकी रेघ आणि २४ लिहायलाच हवं, नाहीतर ती नाकारली जाते. गेटवेसाठी जुन्या लेखांमध्ये ‘गेटवे४’ दिसेल, ते आता मोडीत निघालंय, त्याऐवजी ‘रूट्स’खाली ‘डिफॉल्ट’ मार्ग लिहायचा.

आणि ‘नेटप्लॅन अप्लाय’ आधी देऊ नका, ‘नेटप्लॅन ट्राय’ द्या. त्यात १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून मान्य केलं नाही तर जुनी मांडणी परत येते. दुसऱ्या गावातल्या एका सर्व्हरचा पत्ता मी एकदा रात्री दूरवरून बदलला होता. गेटवेमध्ये एक आकडा चुकला, एंटर दाबलं आणि पडदा तिथेच गोठला. तेव्हा ‘ट्राय’ हाताशी नव्हतं. सकाळी तिथे माणूस पोचेपर्यंत मी फोन हातात घेऊन बसलो होतो आणि त्याला फोनवरून एकेक अक्षर सांगत होतो. दूरच्या यंत्राचा पत्ता बदलताना परत यायची वाट आधी तयार ठेवायची, ती नसेल तर त्या यंत्रासमोर जाऊन बसायचं.

‘स्टॅटिक आयपी’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तोही सांगतो, कारण बरेच जण त्यात अडकतात. वर जे सगळं बोललो ते घरातले पत्ते, १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या १९९६ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांमधले. ते भिंतीबाहेर चालत नाहीत. बाहेरगावाहून हे फोल्डर उघडायचं असेल तर वरचा एकही रकाना उपयोगाचा नाही. तो विषय नेट देणाऱ्या कंपनीच्या पत्त्याचा आहे. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरने आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणं, करूनही कुणी आत येऊ शकणार नाही. तसंही शेअर केलेलं फोल्डर थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका, व्हीपीएन वापरा.

तुमच्या घरी मी असतो तर आज काय केलं असतं ते सांगतो. आधी कॉम्प्युटर पुन्हा ऑटोमॅटिकवर, पत्ता आणि डीएनएस दोन्ही. हे आधी करायचं, कारण हाताने टाकलेला पत्ता तसाच ठेवून राउटरमध्ये रिझर्व्हेशन केलं तर कॉम्प्युटर पत्ता मागायला जातच नाही आणि रिझर्व्हेशन चालतंय की नाही कळत नाही. मग ‘आयपीकॉन्फिग ऑल’मधून ज्या कार्डाने कॉम्प्युटर रोज जोडला जातो त्याचा मॅक. मग राउटरमध्ये त्या मॅकला एक पत्ता राखून ठेवणं, पण पाच नंबर नको, तो सध्या फोनकडे आहे आणि लीज संपेपर्यंत राहू दे. मग ‘आयपीकॉन्फिग’ला ‘रिलीज’ आणि नंतर ‘रिन्यू’ जोडून दोन आज्ञा, आणि नवा पत्ता आला की बाकीच्यांच्या शॉर्टकटमध्ये एकदाच बदल. शक्य तिथे नावानेच. उबंटूचा लॅपटॉप आला की त्याचीही नोंद त्याच पानावर, त्याच्या शेजारी. यानंतरही सकाळी नेट गेलं तर तीन गोष्टी कळवा: त्या क्षणाचं ‘आयपीकॉन्फिग ऑल’, ४१९९ची नोंद असल्यास तिच्यातला मॅक, आणि राउटरच्या पानावर दिसणारा पूल कुठून कुठपर्यंत आहे.